टोपलीत नसलेली चिठ्ठी

दहावीच्या निरोप समारंभात प्रमुख पाहुण्यांनी आम्हाला देशाचं भविष्य म्हटलं आणि शाल घेऊन ते लगेच निघाले. मग फिशपाँड सुरू झाले. प्रत्येकाच्या भविष्यावर एक निनावी चिठ्ठी. बाई टोपलीतून काढून वाचत होत्या.

"हा आपल्या केबिन रोडवर पार्किंग शोधत म्हातारा होईल."

वर्ग हसून लोळला. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. "तूच लिही ना, तुला जमतं," म्हणून पोरं मागे लागली होती. माझ्यावर कोणी काय लिहिलंय, याची मी वाट पाहत होतो. टोपली रिकामी झाली.

"तुझी नाही आली?" शेजारच्याने विचारलं.

"हरवली असेल."

"अरे, मग स्वतःवरही एक लिहायची ना!"

घरी जाताना खारी गावापर्यंत प्रयत्न केला. एक ओळ सुचली नाही.