भवानीचं गिऱ्हाईक

पनवेलच्या बाजारात भाव पाडण्यात माझा हात धरणारा कोण नव्हता. आता समोर गोणपाटावर एकटी बाई बसलेली असली, तर मर्दुमकी दाखवायला काय जातंय म्हना!

आज बायकोनं तव्यावर सुकट भाजली आनि त्या वासानं मला गव्हाणची चांगुणाबाय आठवली. ती टोपलीभर सुकट घेऊन एसटीनं यायची आनि ती खपली तरच घरी तांदूळ न्यायची. मी शाळेत गेलो नाय, पन एवढं डोकं होतं, का भवानीचं गिऱ्हाईक, म्हंजे दिवसातलं पयलं, बाया परत धाडत नायत. म्हनून मी मुद्दाम उजाडल्याबरोबर जायचो.

एक दिवस मी अर्ध्या भावात मागितली. तिनं टोपलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आनि गपचूप दिली. वर आनखी एक मूठ मीच हात घालून उचलली. तिनं पैसे कपाळाला लावले. तेवढ्यात चहावाला आला. तिनं पैशांची मूठ उघडून परत एकदा बघितली आनि त्याला म्हनाली, "आज नको रं."

मला वाटलं, बाईला चहा आवडत नाय! तिचा चहा मीच पिशवीत घालून चाललोय, हे कळायला मला म्हातारा व्हावं लागलं.

वर ऐटीत म्हटलं, "चांगुणाबाय, उद्या पन भवानी माझ्याच हातची!"

ती टोपलीतली सुकट सारखी करायला लागली. शेजारी मुळ्याच्या जुड्या मांडत बसलेली म्हातारी मातर बोलली, "तू दुपारून येत जा रं. सकाळी एखादा मानूस येऊ दे."