आईचा राहिलेला पेपर

परवा कागदपत्रांच्या पिशवीतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि लातूरच्या कॉलेजातली ती दुपार आठवली. लग्न ठरल्यामुळं आईचा बी.ए.चा इंग्रजीचा एकच पेपर द्यायचा राहिला होता. विद्यापीठानं जुन्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी दिली. ती हुकली असती तर पदवी कायमची गेली असती. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी जळकोटहून एसटीनं धावत आलो. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म माझ्याकडं सरकवला, "कर सही." "तिचा न्हाई साहेब, पेपर माझा हाय," आई पुढं होत म्हणाली. रांगेतली पोरं वळून बघायला लागली. बाबू हसले, "मग या की मावशी!" आईनं एकेक अक्षर जपत माहेरच्या नावानं सही केली, कारण डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या तिच्या जुन्या गुणपत्रिकेवर तेच नाव होतं. परीक्षा झाली आणि दोन महिन्यांनी मी मोबाइलवर निकाल उघडला. पास व्हायला चाळीस लागत होते, तिला त्रेचाळीस पडले होते. तिनं तो आकडा मला तीनदा वाचायला लावला आणि लगेच शेतात बाबांना फोन लावला, "अवो, पास झाले मी! पदवी मिळती आता मला!" पदवीदानासाठी नांदेडला जाताना तिनं अख्ख्या एसटीला ही बातमी सांगितली. आज मीही पदवीधर आहे, पण आमच्या घरात पहिली कोण झाली, हे ती कुणाला विसरू देत नाही.