ताईच्या वाटेतली भिंत

आमच्या सोसायटीतली माणसं देवभोळी, हसतमुख आणि निर्दय आहेत. हे मी रागाने लिहिते आहे, आणि राग जाऊ देण्याचा माझा विचार नाही.

पनवेलची आमची इमारत खांबांवर उभी आहे. खाली पार्किंग आणि मागच्या अंगाला एकच फ्लॅट, आमचा. माझ्या थोरल्या बहिणीला चालता येत नाही, म्हणून तळमजला घेतला. दारापासून गेटपर्यंत तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार होता. भाजी आणायला ती एकटी जायची. बिल्डिंगमधली निम्मी पोरं तिच्याकडेच पाढे शिकली.

इमारत तपासायला आलेला इंजिनिअर म्हणाला, खाली नुसते खांब आहेत, भूकंपात आधी हाच मजला बसेल. दोन खांबांमध्ये काँक्रीटची भिंत घाला. उजवीकडच्या मोकळ्या जागेत घातली तरी चालेल, डावीकडे उतारावर घातली तरी चालेल.

उजवीकडे हळदी होतात. ज्या काकांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली, त्यांच्या घरातली प्रत्येक हळद तिथेच झाली. बघून बघून आता सगळ्यांचीच होते. मांडव, डीजे, मटणाच्या पंगती. मिटिंगमध्ये ताई समोर बसलेली असताना ‘डावीकडे’ला हात वर झाले. तिच्याकडे मुलं पाठवणाऱ्या बायकांनीही केले, फक्त तिच्याकडे न बघता.

“आमी हाय ना,” काका म्हणाले. “कायपन झालं तर आमची पोरं उचलून नेतील तिला. घाबरायचं नाय.”

भिंत झाली. आता बाहेर पडायची वाट पाण्याच्या टाकीकडून, तीन पायऱ्या उतरून. पाय धड असतील तर त्यात काहीच नाही. मी न्हावा शेव्याला नोकरीला जाते. मी परत येईपर्यंत ताई घरात.

मग एका दुपारी भूकंपाचा धक्का बसला. सौम्यच होता. मी ऑफिसातून ताईला फोन लावत होते, तो लागेना. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र फोटो येत होते. भिंतीला साधा तडा नाही, सर्वांचे अभिनंदन.

मी पोचले तेव्हा सगळे गेटबाहेर चहा पीत उभे होते. आत पुन्हा जायला भीती वाटते म्हणे. ताई कुठे आहे, मी विचारलं. काका म्हणाले, “पोरं कामाला गेली व्हती.” मी आत धावले.

ताई दारात बसली होती, पायऱ्यांकडे तोंड करून. जिना आमच्या दारासमोरच उतरतो. सगळी बिल्डिंग तिच्या समोरून पळत गेली होती. तिने हाका मारल्या होत्या, एकेकाला नावाने.

पुढच्या मिटिंगला ठराव आला. ताईंना दुसरीकडे हलवावं, आम्हालाच त्यांची काळजी वाटते. घरी येऊन मी म्हटलं, विकून टाकू, या माणसांत राहायचंच नाही. ताई वह्या तपासत होती.

“मी कुठेही जाणार नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वेळीही त्यांनी माझ्यासमोरूनच पळायचं. आणि मी त्यांना हाका मारणार नाही, त्यांच्या मुलांना हाक मारेन. ती थांबतील.”