चुन्याचा वास

शेजारी भिंतींना चुना लावतायत. त्या ओल्या वासाने मी देवळाली कॅम्पच्या जुन्या घरात जाऊन पोचते.

मलेरियावाले फवारणी करून गेले होते. निळसर भिंतींवर औषधाचे पांढरे ओघळ उतरले होते. "पावसाळाभर चुना लावू नका, मावशी. डास भिंतीवर बसला की मरतो," असं ते आईला बजावून गेले. पण रविवारी ताईला बघायला पाहुणे येणार होते.

"असल्या भिंती दाखवायच्या त्यांना?" म्हणत आईने चुन्यात नीळ कालवली. ताईच कुंचला घेऊन स्टुलावर चढली. तिच्या केसांवर शिंतोडे उडाले होते आणि ती हसत होती.

लग्न ठरलं. श्रावणात मलेरियाने ताई गेली.

पुढच्या वर्षी आईने फवारणीवाल्यांना देवघरसुद्धा उघडून दिलं. त्या घराला पुन्हा चुना लागला नाही.