सुरवाडे भाऊंनी काढलेलं रावेर

सुरवाडे भाऊ वारले. आज सकाळी, धुळ्याला.

ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज आला. दोन ओळींत ते मावत नाहीत, म्हणून लिहितेय.

सत्त्याण्णव साल असेल. माझे मिस्टर गेले आणि त्यांच्या जागी मला जळगावच्या ऑफिसात घेतलं. आवक-जावकचं टेबल.
मुलगी तीन वर्षांची, भाड्याची खोली, आणि टेबलावर नवाकोरा पीसी.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सहा महिन्यांत हे यायला पाहिजे. नाहीतर पुढचं अवघड आहे."

मला माउस धरता येत नव्हता. स्क्रीनवरचं इंग्रजी बघितलं की मी जुनं रजिस्टर पुढं ओढायचे.

शेजारच्या टेबलावर सुरवाडे भाऊ. मूळ धुळ्याचे, पन्नाशीतले. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यातले छोटे छोटे प्रोग्रॅम जमवायचा त्यांना नाद. एक आयकॉन बदलणारा, एक पॉइंटर बदलणारा, असे.

एकदा त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कुठं बरं वाटतं?"

मी म्हटलं, "रावेरला. आमच्या केळीच्या बागेत."

आधी त्यांनी विंडोजला सगळीकडे मराठी फॉन्ट लावून पाहिला. मेन्यूंची अशी गिचमिड झाली की आम्ही दोघं हसत सुटलो.

मग ते चित्रांकडे वळले. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, रांगोळीसारखा एकेक ठिपका भरत बसायचे.

आठ दिवसांनी मी पीसी चालू केला आणि बघतच राहिले.

मागे निळा सातपुडा. खाली केळीची बाग.
आवक पत्रांची फाइल म्हणजे बागेचं फाटक. जावक म्हणजे घडांनी भरलेला ट्रॅक्टर. रिसायकल बिनच्या जागी चक्क उकिरडा.

पॉइंटरची चिमणी झाली होती.

आणि मशीन थांबलं की वाळूच्या घड्याळाऐवजी केळीचं गुंडाळलेलं पान हळूहळू उलगडायचं. मशीन फार स्लो होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. त्या पानाकडे बघता बघता वरच्या पंख्याचा वारा बागेतून आल्यासारखा वाटायचा.

"हाई तुमनं रावेर शे," भाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "कुठंही फिरा. काही मोडत नाही."

मी फिरले. चौथ्या महिन्यात सगळी पत्रं एकटी चढवायला लागले.

मग मला हौस आली. घराजवळच्या क्लासमधून फ्लॉपी आणली, रंगीत माशांचा स्क्रीनसेव्हर. भाऊंना न विचारता टाकला.

दुसऱ्या दिवशी पीसी चालूच होईना. फ्लॉपीत व्हायरस होता. दोन आठवड्यांच्या नोंदी गेल्या.

साहेब टेबलाशी आले. "हे असले खेळ कोणी टाकले?"

माझं तोंड उघडलं नाही.

भाऊ उभे राहिले. "मी टाकले, साहेब."

त्यांना मेमो मिळाला. पाठोपाठ एरंडोलला बदली.

जायच्या आधी तीन दिवस ते माझ्याशेजारी बसून पत्रं वाचत होते, मी टाइप करत होते. पीसी पुसून कोरा केला होता. सातपुडा नाही, चिमणी नाही. पण कुठली फाइल कुठं, ते माझ्या हाताला माहीत होतं.

मी कायम झाले. त्याच ऑफिसातून रिटायर झाले.

गेल्या वर्षी धुळ्याला त्यांना भेटायला गेले. त्यांच्या मुलीसमोरच म्हटलं, "भाऊ, तो मेमो माझा होता. मी गप्प बसले."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. भाऊंनी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, "तुमनी पोर लहान व्हती, ताई."

एवढंच. मग चहा घ्या म्हणाले.

आमच्या ऑफिसातले जे कोणी इथं आहेत, त्यांनीही वाचावं. चूक माझी होती.

भाऊ, तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.