रंगवलेले चीड

घर रंगवायला आलेल्या पेंटरनं टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि तो वास मी लगेच ओळखला. टर्पेंटाइन चिडाच्या, म्हणजे पहाडातल्या पाइनच्या झाडाच्या, डिंकापासून काढतात, हे मला फार उशिरा कळलं.

दुष्काळात पाटोद्याकडच्या आमच्या गावातल्या वनीकरण सोसायटीचे चेअरमन हिमाचल फिरून चिडाची रोपं घेऊन आले. तिकडं ही झाडं उंच, गार उतारांवर दाटीनं उभी असतात, हे तेच सांगायचे. इथं मात्र त्यांनी ती रस्त्यासमोरच्या तापल्या उतारावर ओळीनं लावली. "मागं सावलीला लावून कोन बघनार रं?" ते गड्यांवर खेकसले. गावाचा टँकर आधी तिकडं रिकामा व्हायचा. तरी रोपं वाळलीच.

मोठे पाहुणे येणार म्हणून त्या वाळक्या रोपांवर टर्पेंटाइननं पातळ केलेला हिरवा रंग मारला. पाहुण्यांनी कौतुकानं एक फांदी कुरवाळली आणि त्यांचा पंजा हिरवा झाला. चेअरमननी त्यांच्या हातावर भरला हंडा ओतायला लावला. तेलाचा रंग, पाण्यानं कशाचा निघतोय! पाहुणे हसले, "छान जगलीत हो!"

"वाजीव टाळ्या," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "न्हाईतर उद्या टँकर यायचा न्हाई."

टाळ्या वाजवायला आम्हा बायांना रिकामे हंडे खाली ठेवावे लागले.