जयाकाकूंचा डेझमंड

जयाकाकूंना बेसबॉल कळतो, हे मान्य करायला आमच्या टीमला चार वर्षं लागली. आम्हाला तो कळत नाही, हे काकूंना पहिल्याच रविवारी कळलं होतं.

काकू मूळच्या कोथरूडच्या. शामकांतकाका मरीन इंजिनिअर, सहा-सहा महिने बोटीवर. सिंगापुरात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एकटीने करायचं काय, म्हणून काकू टीव्हीवर अमेरिकेतला बेसबॉल बघायला लागल्या. तिकडची संध्याकाळ ती इकडची सकाळ, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आणि मॅच बरोबरच चालायच्या. पुढे काका शिपयार्डात किनाऱ्यावरच्या नोकरीला लागले, आम्ही मराठी मंडळींनी रविवारच्या हौशी लीगमध्ये टीम काढली, काकाही तिच्यात खेळायला आले, आणि काकू घडीची खुर्ची घेऊन झाडाखाली येऊन बसू लागल्या. खेळायचो आम्ही, मनस्ताप त्यांना व्हायचा. मी सोपा झेल सोडला की "अभय, चष्म्याचा नंबर तपासून घे रे," हे अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं.

यंदा काकांची नोकरी संपणार होती. नोकरी संपली की इथे राहायचा पास संपतो, पास संपला की सिंगापूर संपतं. डिसेंबरात दोघं पुण्याला जायची होती. "जाण्याआधी एकदा तो कप आपल्याकडे आलेला मला बघायचाय," असं काकूंनी स्पष्ट सांगून टाकलं. सहा वर्षांत आम्ही सेमीफायनलसुद्धा पाहिली नव्हती.

त्यावर काकूंकडे एकच औषध होतं, डेझमंड. हा पाया लेबारच्या ऑफिसवाल्यांच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. "त्याला आणा," हा जप काकू तीन वर्षं करत होत्या. आमच्या लीगमध्ये सीझनच्या मध्यावर दोन टीमना खेळाडूंची अदलाबदल करता येते. त्याची मुदत एका शनिवारी संध्याकाळी सहाला संपते.

आणि यंदा त्या आठवड्यात डेझमंड चालत दाराशी आला. पाया लेबारचे कॅप्टन मिस्टर लिम यांना कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा, हवा होता आणि आमच्याकडे दोन होते. गुरुवारी त्यांनी आमच्या कॅप्टनला, पद्माकरला, हॉकर सेंटरवर कॉफीला बोलावलं आणि सरळ म्हणाले, "यू गिव्ह मी क्षितिज, यू टेक डेझमंड. कॅन?"

पद्माकर साताऱ्याचा. अगत्य अंगात मुरलेलं. तो म्हणाला, "नो नो, मिस्टर लिम! हाऊ कॅन वी टेक युअर बेस्ट मॅन?"

आता पहिल्याच विचारण्याला कोणी हो म्हणतं का? पंगतीत जिलबी आली की आपण आधी पानावर हात आडवा धरतोच. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, आपण अर्धी म्हणायचं आणि चार खायच्या. पण मिस्टर लिम आयुष्यात कधी पंगतीला बसले नव्हते. "ओके ला," म्हणाले, कॉफी संपवली आणि गेले. पद्माकर दोन दिवस फोन उशाशी घेऊन आग्रहाची वाट बघत राहिला. शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी लीगचा मेसेज आला. डेझमंड पासिर रिसच्या टीममध्ये गेला होता.

पद्माकर बिचारा स्वतःहून काकूंच्या घरी गेला. मला ढाल म्हणून बरोबर नेलं.

"वहिनी, मला वाटलं ते परत विचारतील."

"का विचारतील? ते काय तुझी मावशी आहेत?"

पुढची दहा मिनिटं काकूंनी त्याची जी हजेरी घेतली ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग एकदम रडायलाच लागल्या. "एवढंच मागितलं होतं रे," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. पद्माकरची मान तर आठवडाभर वर झाली नाही.

त्यानंतर आम्ही कसे कोण जाणे, जिंकत सुटलो. थोडी भीती काकूंची होती, थोडं नशीब. फायनलला पोचलो, आणि समोर पासिर रिस. चेंडू डेझमंडच्या हातात.

सात इनिंगची मॅच. पहिल्या इनिंगमध्ये त्यांच्या गचाळ फिल्डिंगवर आम्हाला दोन रन मिळाले. त्यानंतर डेझमंडने आम्हाला नुसतं नाचवलं. सातवी, शेवटची इनिंग आमची. त्यांचे तीन, आमचे दोन. काकू खुर्चीवरून उठल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या बाकापाशी आल्या.

"कोणी बॅट हलवायची नाही," त्या म्हणाल्या. "सहा इनिंग झाल्या की त्याचा खांदा उतरतो. मग त्याचे चेंडू बाहेर जातात. तुम्ही आधाशासारखे त्यांच्यामागे धावता म्हणून कोणाला कळत नाही. नुसते उभे राहा."

बाहेर गेलेले चार चेंडू सोडले की पहिला बेस फुकट मिळतो, हा नियम आम्हाला पाठ होता. नव्हता तो धीर. पहिला मी गेलो. हात शिवशिवत होते, पण मागे काकू उभ्या होत्या. चार चेंडू सोडले आणि बेसवर पोचलो. क्षितिजने ऐकलं नाही, बॅट फिरवली आणि आउट झाला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर सारंग उभा राहिला, मंदार उभा राहिला, आणि तिन्ही बेस भरले. आता प्रत्येक फुकट बेसला सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरचा घरी, म्हणजे होम प्लेटला, येऊन एक रन होणार होता. पद्माकर उभा राहिला, मी पळत घरी आलो. तीन-तीन! त्यांच्या कॅप्टनला एवढ्या हौसेने आणलेल्या डेझमंडला बाहेर काढवेना.

मग काका आले. साठ वर्षांचा माणूस, इथला शेवटचा सामना. एक सणसणीत टोला मारून निरोप घ्यायचा, हे ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "मारू नका."

काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बॅट खांद्यावर ठेवली, ती खाली आणलीच नाही. दोन चेंडू बरोबर पडले, तिसरा तसा पडला की आउट; तीन बाहेर गेले. सहावा चेंडू आला. काकांचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. चेंडू त्यांच्या गुडघ्याखालून गेला, अंपायरने पहिल्या बेसकडे बोट दाखवलं, आणि सारंग उड्या मारत घरी आला. चार-तीन! आम्ही ओरडून घसे बसवले. पद्माकर मैदानात आडवा पडून हसत होता.

कप देऊन झाल्यावर डेझमंड घाम पुसत काकूंपाशी आला.

"आँटी, हाऊ यू नो माय शोल्डर टायर्ड? माय ओन कॅप्टन ऑल्सो डोन्ट नो."

"थ्री इयर्स आय ॲम आस्किंग फॉर यू," काकू म्हणाल्या. "एव्हरी संडे. ओन्ली यू. जो हवा त्याला नीट बघायला नको?"

शेवटचं वाक्य त्याला कळलं नाही, पण तो लाजला. काका मागे उभे होते. म्हणाले, "छत्तीस वर्षांत मला कधी असं मागितलं नाहीस, जया."

"तुम्ही सांगून आला होतात," काकू म्हणाल्या, आणि कप काखोटीला मारून फाटकाकडे निघाल्या.